‘किती’च्या रकान्यातला पाव

तुमच्या धाकट्या आजीच्या मूत्रपिंडांना काय झालं, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांनी ‘शुगरमुळे’ एवढंच सांगितलं असेल. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. लहानपणी सुट्टीत आलात की शहापूरला माझ्याकडे दोन दिवस आणि मुरबाडकडे तिच्या घरी पंधरा दिवस, असा तुमचा हिशेब असायचा. म्हणून हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

धाकटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा पदवीधर होते. नंतर शहापूरच्या शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, लवकर गेला. सिद्धगडाच्या अंगाला असलेली ती भाताची जमीन तिनं एकटीनं कसली, मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं. सगळं गाव मला बाई म्हणतं, म्हणून तीही बाईच म्हणते. मी पुष्कळदा सांगितलं, ताई म्हण. ती म्हणायची, “ताई कुणालाबी म्हंतात. बाई एकच हाय आपल्या घरात.”

घरातल्या सगळ्यांची औषधं मी बघायचे. निवृत्तीनंतर मला ते कामच मिळालं होतं म्हणा. डॉक्टरांची चिठ्ठी कोणाला वाचता येत नसे, म्हणून मी प्रत्येकासाठी जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड करायचे. पट्टीनं रेघा मारून चार रकाने: औषध, कधी, किती, जेवणाआधी की नंतर. मोठं, टपोरं अक्षर. गावातल्या तीन घरांत माझी कार्डं खिळ्याला टांगलेली होती आणि मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

तिला शुगर होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या. गेल्या वर्षी पावसाळ्यात गुडघे फार धरले. वजन वाढलेलं, तपासणीत साखर वर आणि लघवीतून प्रथिनं जायला लागलेली. पाऊस सरल्यावर मी तिला शहापूरला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. साखरही उतरेल, वजनही उतरेल, मूत्रपिंडांवरचा भारही कमी होईल, असं म्हणाले. औषध चांगलंच आहे, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. सुरुवात अगदी थोड्यापासून करायची, महिन्याभरानं डोस वाढवायचा की नाही ते मी ठरवेन, असं त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं: पॉइंट टू फाइव्ह मिलिग्रॅम, वन्स अ वीक.

डॉक्टरांनी तयार इंजेक्शनाचं पेन लिहिलं होतं. त्यात डोसाचा आकडा फिरवून आणायचा असतो, चुकायला फारसा वाव नसतो. पण मेडिकलमध्ये पेन नव्हतं. दुकानदार म्हणाला, “बाई, बाटली आलीय. औषध तेच, सिरिंजनं घ्यायचं.” मी परत जाऊन डॉक्टरांनाच हे विचारायला हवं होतं. दवाखाना समोरच्याच गल्लीत होता. पण खोक्यात इंग्रजीत माहितीपत्रक होतं आणि मला इंग्रजी येतं, म्हणून मला विचारायची गरज वाटली नाही. मी बाकावर बसून ते बारीक अक्षरातलं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात तक्ता होता: किती मिलिग्रॅम म्हणजे सिरिंजवरची कितवी खूण. सिरिंजला शंभर बारीक खुणा होत्या. आपल्या बाटलीसाठी पाव मिलिग्रॅम म्हणजे फक्त पाचवी खूण. हे मला कळलं होतं. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली.

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, रविवारी, दवाखान्यातल्या नर्सनं दिलं. पुढचं कसं घ्यायचं ते तिनं दाखवलंही, पण माझ्या जावेनं सुई बघितल्याबरोबर डोळे गच्च मिटले होते. “झालं काय?” एवढंच तिनं विचारलं. नर्स हसली आणि म्हणाली, “आजी, मुंगी चावली असती तर जास्त ओरडला असता.”

संध्याकाळी मी कार्ड केलं. साखरेची गोळी: सकाळी, किती: १. रक्तदाबाची गोळी: रात्री, किती: अर्धी. मग इंजेक्शन. वार: रविवार, कारण रविवारी सकाळी विहारात वंदना असते, तिथून आली की घ्यायचं, म्हणजे विसरणार नाही. आणि किती? मिलिग्रॅम हा शब्द तिला घाबरवेल असं मला वाटलं. माझी लेखणी क्षणभर थांबली, ते मला आठवतं. मग मी लिहिलं: पाव.

शाळेत गणिताच्या उत्तरात एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायचे. नुसतं ‘पाच’ म्हणजे काय, पाच लिटर की पाच बैल, असं मुलांना विचारायचे. आणि पत्रक माझ्या फायलीत ठेवून दिलं, कारण तिला इंग्रजी येत नाही, तिला त्याचा काय उपयोग.

आता तुम्ही तिच्या जागी बसून ते कार्ड वाचा. ‘१’ म्हणजे एक गोळी. ‘अर्धी’ म्हणजे गोळीचे दोन भाग करून त्यातला एक. मग ‘पाव’ म्हणजे काय होणार? सिरिंजचे चार भाग, त्यातला एक. दुसरं काही होऊच शकत नाही. तिनं अंदाजपंचे काही केलं नाही. खुणा सुरू होतात तिथपासून संपतात तिथपर्यंत तिनं सिरिंजवर दोरा धरला, तो दोनदा दुमडला आणि जिथे आला तिथे सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. ठिपका बरोबर पंचविसाव्या खुणेवर पडला होता. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना इतकं अचूक जमलं नसतं. फक्त ते पाचपट होतं.

पुढच्या रविवारी तिनं फोन केला. “घेतली बाई. माझी मीच टोचली. डोलं उघडे ठेवून.”

“शाब्बास,” मी म्हणाले. “पाव घेतलीस ना?”

“पावच. तुमी लिवलीय तेवढीच.”

मला यापेक्षा स्पष्ट विचारता आलं असतं. कितव्या खुणेपर्यंत भरलीस, एवढं विचारलं असतं तर तेवढ्या एका इंजेक्शनावर सगळं थांबलं असतं. मी विचारलं नाही.

सोमवारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. भात कापून झालं होतं, झोडणीचे दिवस होते. खळ्यावर शेजारच्या बायका मदतीला आलेल्या. पुढचं तिच्या सुनेनं मला सांगितलं. जाऊ खळ्याच्या कडेला बसून ओकारी काढायची, तोंड धुवायची आणि परत पेंढी उचलायची. एक म्हातारी म्हणाली, “काय गो, दिवस गेलं का काय या वयात?” दुसरी म्हणाली, “दिवस नाय गो, सुई घेतंय ती. बारीक व्हायची. हिरोईन व्हायचं हाय तिला.” त्यावर ही म्हणाली, “हिरोईन व्हायचं असतं तर तुझ्या दाल्ल्यानं डोला मारला तवाच झाली असते.” सगळ्या हसल्या. ती हसली आणि पुन्हा कडेला जाऊन ओकली.

बुधवारी तिनं मला फोन केला तेव्हा आवाज बारीक झाला होता. “बाई, पाणीबी ठरत नाय पोटात.” मी म्हणाले, सुरुवातीला तसं होतं, डॉक्टर बोलले होते ना, थोडं थोडं खा, तेलकट खाऊ नकोस. पत्रकात मळमळीबद्दल लिहिलं होतं, ते मी तिला मराठीत सांगितलं. सतत उलट्या होत असतील, पाणी ठरत नसेल, तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना गाठा, हेही त्याच पानावर होतं. मी ते वाचलं होतं. पण ते आपल्यासाठी नाही, कोणा दुसऱ्यासाठी लिहिलेलं असतं, असं वाचताना वाटतं.

“आनि बाई, ती बाटली लय लवकर संपतेय. दोन म्हयनं जाईल बोल्लेलं ना?”

“मेडिकलवाले कमीच भरून देत असतील,” मी म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी ती वंदनेला गेली नाही. उभं राहवत नव्हतं. पण कार्डावर रविवार लिहिला होता, म्हणून सुई मात्र घेतली. लाल ठिपक्यापर्यंत. सोमवारी सकाळी साखरेची गोळीही घेतली, पोटात अन्नाचा कण नसताना, कारण तीही कार्डावर होती. दुपारी ती खळ्यावर पेंढ्यांना टेकून बसलेली होती, घामानं भिजलेली, आणि सून हाक मारत होती तर ओळख पटत नसल्यासारखं बघत होती. गावातल्या आशाताईनं यंत्रावर साखर तपासली, ती फार खाली गेली होती. गालाच्या आत साखर चोळली, पुतण्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, शेजारची जीप काढली. मुरबाडला सलाइन लावून कल्याणला पाठवलं. दीड दिवसात तिला लघवी झाली नव्हती, हे तिथे विचारल्यावर कळलं.

मी शहापूरहून तिथे पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. ओठांना चिरा पडलेल्या. एक तरुण डॉक्टर तिच्याशी बोलत होता.

“आजी, सुई किती घ्यायचा?”

“पाव.”

“पाव काय?”

“पाव सुई. मोजून.”

त्यानं सुनेनं आणलेली पिशवी उघडली, सिरिंज काढली, लाल ठिपका बघितला आणि कपाळाला हात लावला. “पाव सुई! कोणी सांगितलं तुम्हाला?”

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पायाशी उभी होते. तोवर माझ्या लक्षात आलं होतं. पाव म्हणाली त्याच क्षणी आलं होतं, त्यासाठी मला ठिपका बघायची गरज नव्हती.

“कुनी नाय,” ती म्हणाली. “मलाच नाय समजलं. चौथी शिकलेली हाय मी.”

“अडाणी माणसांच्या हातात बाटल्या देतात आणि मग आमच्याकडे पाठवतात,” डॉक्टर नर्सला म्हणाला. मग त्यानं मला विचारलं, तुम्ही कोण? मी इंग्रजीत उत्तर दिलं. का इंग्रजीत दिलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तोही लगेच इंग्रजीत बोलायला लागला, आवाज मऊ झाला. म्हणाला, तुमच्यासारखं शिकलेलं कोणी त्यांच्या घरात राहत असतं तर हे झालं नसतं.

मी “येस, डॉक्टर” म्हणाले.

पुतण्या दाराशी उभा होता. त्याला इंग्रजी चांगलं कळतं, तो कसाऱ्याला रेल्वेत कामाला आहे.

हे औषध आठवडाभर अंगात राहतं, म्हणूनच ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. जास्त गेलं तर ते काढून टाकायचं औषध नाही, फक्त सलाइन लावून वाट बघायची. तिची मूत्रपिंडं शुगरनं आधीच अधू होती, त्यात इतके दिवस पाण्यावाचून कोरडी पडली. चौथ्या दिवशी डायलिसिस सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी मूत्रपिंडं परत कामाला लागतात. तीन महिने बघू.

तिचे कपडे आणायला म्हणून मी तिच्या घरी गेले. सून गोठ्यात होती. मी खिळ्यावरचं कार्ड काढलं आणि माझ्या पर्समध्ये घातलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्यापैकी एकीनं मला फोनवर सांगितलं होतं की तिकडे ऑफिसात अर्धे लोक ही सुई घेतात आणि एका मैत्रिणीनं तिला स्वतःच्या पेनातली देऊ केली आहे, सुई बदलून. तिला सांगते, घेऊ नकोस. सुई बदलली तरी पेनाच्या आत दुसऱ्याचं रक्त मागे राहू शकतं. शिवाय मैत्रिणीचा डोस तिच्या शरीराला काही महिन्यांत सवय होऊन चढलेला असेल, तो तुझा पहिला डोस नव्हे. तुला हे औषध हवंच असेल तर आधी तुझी तपासणी होऊ दे, तुझ्या नावानं लिहून घे. बाटली मिळाली तर मिलिग्रॅम किती हे विचारून थांबू नकोस. याच बाटलीतून, याच सिरिंजनं कितव्या खुणेपर्यंत, ते डॉक्टरांसमोर भरून दाखव, कारण दुसऱ्या बाटलीत तेच औषध वेगळ्या तीव्रतेचं असतं आणि खूण बदलते. पोटात पाणी ठरेनासं झालं तर पुढची सुई घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन कर. हे मी शिकवते आहे असं समजू नका. शिकवायचा माझा अधिकार त्या नोव्हेंबरात गेला.

तीन महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं. पुतण्या रजा काढून तिला न्यायचा, मी शहापूरहून जायचे. फाइल माझ्याकडे होती. तारखेप्रमाणे रिपोर्ट लावलेले, वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या. प्रत्येक रिपोर्टातला क्रिएटिनिनचा आकडा मी पहिल्या पानावर उतरवत होते. मधे एकदा तो उतरला, तेव्हा आम्ही दोघींनी कॅन्टीनमध्ये चहा घेतला. तिला अर्धाच कप चालतो, उरलेला तिनं माझ्या कपात ओतला. पुढच्या वेळी आकडा परत चढला. तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. मशीनला लावलेली असताना ती छताकडे बघत भाताच्या गोष्टी करायची, या वर्षी कोणतं बियाणं धरायचं, बांध कुठे फुटला. मी प्रत्येक वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि परत यायचे.

तीन महिन्यांनी, ती मशीनला लावलेली असताना, मोठ्या डॉक्टरांनी पुतण्याला आणि मला बोलावलं. म्हणाले, मूत्रपिंडं आता परत कामाला लागतील अशी आशा धरू नका. डायलिसिस कायमचं समजा.

बाहेर व्हरांड्यात मी पुतण्याला थांबवलं. म्हटलं, तुझ्या आईचं काही चुकलं नाही. ती सगळं बरोबर करत होती. पाव मी लिहिलं होतं. कसला पाव ते लिहिलं नाही.

 खिशातून मोबाइल काढून त्यानं माझ्यासमोर धरला. त्यात कार्डाचा फोटो होता. माझं अक्षर, माझ्या रेघा. आईला फोनवरून औषधांची आठवण करता यावी म्हणून त्यानं पहिल्याच आठवड्यात तो काढून ठेवला होता.

“मला म्हाईत व्हतं, मोठी आई. खिळ्यावरनं कार्ड गेलं तवाच समजलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी बोलाल म्हणून. पाव कुनाचाबी चुकला असता. माझाबी चुकला असता.” त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “पन तो डॉक्टर आईला अडानी बोल्ला तवा तुमी बाजूला उभ्या होत्या. आनि येस बोल्ल्या.”

मी म्हणाले, आत जाऊन तिला सांगते.

“तिला कशाला सांगता? तिनं तर तुमच्यासाठीच सोताला अडानी म्हनवून घेतलं.”

तरी मी आत गेले आणि सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. हातातल्या नळीला धक्का लागू नये म्हणून दुसरा हात पुढे करून तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “बसा बाई. आजून दीड तास हाय.” यात तिनं मला माफ केलं की नुसतं बस म्हणाली, ते मला माहीत नाही आणि विचारायची माझी हिंमत नाही.

मी अजूनही जाते. पुतण्या मला येऊ नका म्हणत नाही. गाडीत जागा करून देतो, उतरताना हात देतो. फक्त त्या दिवशी व्हरांड्यात त्यानं माझ्या काखेतली फाइल काढून घेतली, ती आता तोच ठेवतो. रिपोर्ट कसेही कोंबलेले असतात, कागद दुमडलेले. परवा एक खाली पडला. मी वाकून उचलला आणि त्याच्याकडे दिला, आणि त्यानं तो न बघता फायलीत घातला. आकडा काय होता, ते मी विचारलं नाही.